टेस्ट लावलेली होती, पूर्ण एकही झाली नव्हती: एका फोटो स्टुडिओच्या चार डिस्कचं प्रकरण

हे प्रकरण सगळं लिहून काढतो, कारण आपल्याकडे आता स्टुडिओ, जिनिंगचं ऑफिस, पॅथॉलॉजी लॅब अशा कितीतरी जागी तीन-चार हार्ड डिस्कचे डबे बसले आहेत आणि ते बसवणारे माझ्यासारखे एकटे फिरणारे लोक आहेत. यात चूक माझी होती. ती नेमकी कुठे होती हे समजायला मला दोन दिवस लागले, दुसऱ्या कोणाला तेवढे लागू नयेत.

जागा म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातला एक फोटो स्टुडिओ. मालकाला मी काका म्हणतो. लग्नाचं शूटिंग हा त्यांचा मुख्य धंदा, आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांतली लग्नं त्यांच्याकडे असतात. सहा वर्षांआधी एका जुन्या आय थ्री डेस्कटॉपमधे ४ टीबीच्या चार डिस्क टाकून, डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि त्यावर रेड ५ करून दिलं होतं, म्हणजे चारही डिस्क मिळून एकच मोठी जागा. रेड ५ मधे एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला डेटा परत काढायच्या हिशोबाला, जाते, म्हणजे वापरायला जवळपास ११ टीबी, त्यातली साडेनऊ भरलेली. एक डिस्क गेली तर बाकी तिघींवरून तिचा डेटा परत काढता येतो, पण अट ही की बाकी तिघी सुरुवातीपासून शेवटपर्यंत धड वाचल्या गेल्या पाहिजेत. सगळं प्रकरण या अटीवरच आहे.

तपासणीचं टाइमटेबल मी पहिल्याच दिवशी लावून दिलं होतं. स्मार्टडी नावाचा प्रोग्राम डिस्कला ठरल्या वेळी सांगतो की तुझी तुझी तपासणी करून घे. शॉर्ट टेस्ट रोज दुपारी १ वाजता, ती दोन मिनिटांत होते म्हणून वेळेचा फार विचार केला नाही. लाँग टेस्ट दर रविवारी रात्री २ वाजता, चारही डिस्कची एकदम. त्याशिवाय रेडची स्वतःची चेक, ज्याला काही जण स्क्रब म्हणतात, ती क्रॉनमधे, म्हणजे ठरल्या वेळी कामं लावणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२:५७ ला पॅकेजसोबतच लागून आली होती. कागदावर यात काहीच कमी नव्हतं, पुण्या-मुंबईच्या ऑफिसात हेच टाइमटेबल आरामात चाललं असतं.

मे महिन्यात ऐन लग्नसराईत पहिली डिस्क गेली. काकांचा फोन आला, "बाबू, मशीन टकटक करून राहिली, फोल्डर उघडून नाही राहिलं." जाऊन पाहिलं तर डिस्क ओळखूच येत नव्हती, हेडचा आवाज. आदल्या दिवशीची तिची शॉर्ट टेस्ट पास, रिअलोकेटेड सेक्टर (खराब निघून बदललेले डिस्कचे छोटे तुकडे) शून्य, पेंडिंग (वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले) शून्य. असं होते. गूगलनं २००७ मधे एक लाखाच्या वर ड्राइव्हचा अभ्यास छापला होता, त्यात गेलेल्या ड्राइव्हपैकी ५६ टक्क्यांत स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींच्या, चार मुख्य आकड्यांत आधी काहीच दिसलं नव्हतं. म्हणून ही पहिली डिस्क गेली याचं मला वाईट वाटलं तरी धक्का नाही बसला, रेड त्यासाठीच तर होतं.

नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं नवीन डिस्क संध्याकाळी आली, साडेदहाला रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नवीनवर परत बनवणं, लावलं. त्या रात्री काकांनी मेन स्विच चालू ठेवला आणि मीही तिथेच गादीवर झोपलो. सकाळी साडेसहाला आकडा ८७ टक्के होता. काकू चहा घेऊन आल्या आणि मी कप हातात घेतला तेवढ्यात स्क्रीनवर लाल ओळी यायला लागल्या, तीन नंबरच्या डिस्कवर रीड एरर, मग रिसेट, मग परत रिसेट, आणि डिस्क बाहेर. चारमधल्या दोन गेल्या म्हणजे रेड ५ संपलं. काका बाजूलाच उभे होते, त्यांनी फक्त विचारलं, "किती वर्षाचं गेलं?" मी उत्तर नाही देऊ शकलो.

डेटा कसा वाचला ते थोडक्यात सांगतो कारण खरा विषय तो नाही. मशीन बंद केलं, काहीही जबरदस्ती केली नाही, तीन नंबरची डिस्क काढून माझ्या दुकानात डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचायच्या प्रोग्रामनं एका कोऱ्या डिस्कवर कॉपी केली. आधी सोपा भाग आणि मग अडलेल्या जागी परत परत. शेवटी फक्त १२ केबी वाचलं नाही, म्हणजे ४ केबीचे तीन सेक्टर. ४ टीबीमधले १२ केबी! ती कॉपी लावून तीन डिस्कवर रेड जबरदस्तीनं उभं केलं, फाइल सिस्टीम आधी फक्त वाचायला म्हणून लावून तपासली, सगळ्यात महत्त्वाचं बाहेर काढून घेतलं आणि मग रीबिल्ड केलं. ते १२ केबी कोणत्या फाइलमधे पडले हे शोधून काढलं, चार वर्षांआधीच्या एका लग्नाची बिदाई होती. नवरीची आजी दोन्ही हात नातीच्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलाजवळ बोटं मोडते, त्या ठिकाणी चित्र हिरवं-राखाडी चौकोनी होते आणि सेकंदाभरानं पुढच्या कीफ्रेमला (पूर्ण साठवलेल्या चित्राला) परत नीट होते, तोवर आजीचे हात खाली आलेले असतात. काकांनी त्या घरी स्वतः फोन करून सांगितलं. मी तो क्लिप दहा-बारा वेळा पाहिला असेल.

आता मुद्द्यावर. ते तीन सेक्टर त्या रात्री खराब झाले नव्हते. ती जागा चार वर्षांत कोणी वाचलीच नव्हती, जुन्या लग्नाची कच्ची फाइल कोण उघडते? आणि डिस्कला आपला सेक्टर खराब आहे हे तो वाचायला गेल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे पेंडिंगचा आकडा शून्य दिसत होता. रीबिल्डनंतर तोच आकडा २४ झाला, कारण डिस्क ५१२ बाइटच्या हिशोबानं मोजते, तीन सेक्टरचे आठ-आठ. अशी झोपलेली खराबी शोधायलाच लाँग टेस्ट असते, ती पूर्ण पृष्ठभाग वाचते. शॉर्ट टेस्ट इलेक्ट्रॉनिक्स, हेडची हालचाल आणि थोडासा भाग पाहते, ती पास होणारच होती. मग दर रविवारी लाँग टेस्ट लावलेली असताना हे सापडलं कसं नाही?

डिस्कचा सेल्फ-टेस्ट लॉग उघडला. मी तो आधीही उघडत होतो, दर दोन-तीन महिन्यांनी गेलो की पाहायचो, वरच्या पाच-सहा ओळी पाहिल्या की "कंप्लीटेड विदाउट एरर" दिसायचं आणि मी बंद करायचो. यावेळी खालपर्यंत गेलो. या लॉगमधे फक्त २१ नोंदी राहतात, बावीसावी आली की सगळ्यात जुनी पडते. रोजची शॉर्ट आणि आठवड्याची लाँग, म्हणजे २१ मधल्या १८ शॉर्ट आणि ३ लाँग. अठराच्या अठरा शॉर्ट पास. आणि तीन लाँगच्या पुढे एकच शब्द, "इंटरप्टेड, होस्ट रिसेट", म्हणजे मशीनकडूनच मधे तुटली, आणि बाकी किती तर ४० टक्के, ६० टक्के, ३० टक्के. म्हणजे सगळ्यात लांब गेलेली टेस्ट ७० टक्क्यांपर्यंत पोचली होती आणि खराब जागा होती ८७ च्या आसपास.

त्याच्या आधीचं डिस्क सांगू शकत नव्हती, म्हणून सिस्टीमचा लॉग काढला. तिथे आठ महिन्यांचं साठलेलं होतं. स्मार्टडीनं प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं की आधीची टेस्ट मधेच तुटली. आठ महिन्यांत चारही डिस्कवर पूर्ण झालेली लाँग टेस्ट एकही नाही. रेडच्या चेकची तर सुरुवातच झालेली नव्हती. मेल लावलेला होता तो मशीनच्या आतल्या रूटच्या (अॅडमिनच्या) डब्यात जात होता, तो कोण उघडणार.

कारण काकांना विचारलं तेव्हा कळलं आणि ते मला सहा वर्षांत एकदाही विचारावं वाटलं नव्हतं. रात्री ९ ला स्टुडिओ बंद करताना काका मशीन नीट शटडाउन करतात आणि मग मेन स्विच खाली पाडतात. मी म्हटलं काका, मेन कायले बंद करता? ते म्हणाले, "त्या लाइनीतलं किराणा दुकान शॉर्ट सर्किटनं जळलं, तुले आठवत नाही काय? रातभर लाइन चालू ठेवून मी घरी झोपू शकत नाही बाप्पा." त्यांचं बरोबर होतं, जळलेलं ते दुकान मीही पाहिलेलं आहे. म्हणजे रात्री २ वाजता ते मशीन सहा वर्षांत बोटावर मोजण्याएवढ्याच वेळा चालू होतं.

मग टेस्ट सुरू तरी कशा झाल्या? स्मार्टडी आपली स्थिती फाइलमधे जपून ठेवत असेल, आणि डेबियनवर ती ठेवतो, तर मशीन बंद असताना हुकलेली टेस्ट तो पुढच्या वेळी चालू झाल्यावर लावतो. त्यामुळे रात्री दोनची टेस्ट सकाळी दहाला, स्टुडिओ उघडल्यावर सुरू होत होती. ४ टीबीच्या या डिस्क लाँग टेस्टला साडेआठ तास सांगतात, पण तो आकडा डिस्क रिकामी बसलेली असतानाचा आहे. काम आलं की डिस्क आधी काम करते, टेस्ट मागे टाकते. एडिटिंग चालू, अल्बमचे फोटो उघडून राहिले, चारही डिस्कच्या टेस्ट एकदम, साडेआठाचे बारा-तेरा तास होतात. आणि रात्री ९ ला मशीन बंद. त्यात दुपारी लाइन गेली तर छोटा यूपीएस दहा मिनिटं टिकते, मग तेही बंद. आणि लाँग टेस्ट तुटली की तुटली, पुढच्या वेळी पहिल्या सेक्टरपासून. दर आठवड्याला डिस्कचा सुरुवातीचा भाग परत परत वाचला जात होता आणि शेवटचा भाग कधीच नाही. हे समजलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीवरून उठलो नाही.

नवीन टाइमटेबल बनवताना मी उलटीकडून सुरुवात केली, आधी काकांसोबत बसून लाइन केव्हा असते, मशीन केव्हा रिकामं असते, वर्षात धंदा केव्हा थंड असते हे लिहून काढलं, आणि मग टेस्ट त्यात बसवल्या. माझं मत आता पक्कं आहे की खेड्यात हे याच क्रमानं करावं.

मेनचा प्रश्न इलेक्ट्रिशियननं सोडवला, मीटरनंतर मशीनपुरती वेगळी लाइन, तिला स्वतःची एमसीबी, नवीन वायर, आणि मधे बॅटरीवाला इन्व्हर्टर. बाकी स्टुडिओचा मेन काका आधीसारखाच पाडतात. पण पावसामुळे त्याला यायला महिना लागला आणि तेवढ्या दिवसांसाठी मी जे केलं ते अजूनही चालू ठेवलं आहे, कारण लाइनीचा भरोसा नाहीच. स्मार्टसीटीएल या स्मार्टडीच्या जोडीच्या कमांडमधे सिलेक्टिव्ह टेस्ट असते, तिला डिस्कची सुरुवात आणि शेवट सांगून फक्त तेवढा भाग तपासता येतो. मी प्रत्येक डिस्कचे चार भाग केले, एक भाग रिकाम्या वेळी दोन-सव्वादोन तासांत होते. आज पहिला पाव, पुढच्या वेळी दुसरा. लाइन गेली तर एक पाव वाया जाते, पूर्ण डिस्क नाही. स्मार्टडीला पुढचा भाग घे असंही सांगता येते, मला मात्र साध्या स्क्रिप्टमधे कोणता भाग झाला हे लिहून ठेवणं जास्त समजायला सोपं वाटलं. ज्यांच्याकडे लाइन रोज दोन-चारदा जाते त्यांनी हाच मार्ग घ्यावा असं मी म्हणेन.

चारही डिस्क एकदम तपासायच्या नाहीत. आठवड्यात एक डिस्क, एका दिवसाआड एक पाव, म्हणजे टेस्टच्या चार आठवड्यांत चारही पूर्ण. रोजची शॉर्ट काढून टाकली, आता आठवड्यातून एकदा, म्हणजे लॉगच्या २१ ओळी कामाच्या नोंदींसाठी राहतात.

रेडची चेक वेगळी ठेवली आणि खरं सांगायचं तर दोघींत मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. लाँग टेस्ट खराब जागा दाखवते पण तिला दुरुस्त करता येत नाही, डिस्कला शेजारच्या डिस्कवर काय आहे हे माहीतच नसते. चेकमधे रेड सगळ्या डिस्क वाचते, कुठे रीड एरर आला तर बाकीच्यांवरून तो तुकडा बनवून त्याच जागी परत लिहिते, आणि लिहिताना डिस्क गरज पडली तर तो सेक्टर बदलून टाकते. आमचे ते १२ केबी एका चेकमधे, चारही डिस्क जिवंत असताना, कोणाला न कळता दुरुस्त झाले असते. ही चेक महिन्यातून एकदा, दोन रात्रींत तोडून. एमडीचेक नावाची स्क्रिप्ट हेच काम करते, मुळात ६ तास चालते, थांबते आणि पुढच्या वेळी तिथूनच पुढे जाते. ज्या आठवड्यात चेक त्या आठवड्यात सिलेक्टिव्ह टेस्ट नाही, दोन्ही एकमेकींना ओढतात.

आणखी एक गोष्ट जी मी आधी पाहिली नव्हती. चारमधल्या दोन डिस्क साध्या डेस्कटॉपच्या होत्या, अशा डिस्क खराब सेक्टरवर स्वतःशीच खूप वेळ झगडत बसतात. लिनक्स ३० सेकंद वाट पाहते आणि मग रिसेट मारते. तीन सेक्टरसाठी पूर्ण डिस्क बाहेर फेकली गेली ती यामुळे. रेडसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून एरर देतात. ज्या डिस्कला ही मर्यादा लावता येत नाही त्यांच्यासाठी लिनक्सची वाट पाहण्याची वेळ १८० सेकंद केली आणि ती बूट होताना दर वेळी लागेल असं पाहिलं. हे न करता चेक लावली तर तपासणीच रेड तोडू शकते.

उन्हाळ्याचं वेगळं. त्या खोलीवर टिनाचं छत आहे, मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ आणि डिस्क ५७ डिग्री दाखवत होती, बहुतेक डेस्कटॉप डिस्कच्या कागदावर कमाल ६० लिहिलेलं असते. तेव्हा एप्रिल-मेमधे सगळ्या टेस्ट रात्री १२ नंतर, आणि डिस्क ५० च्या वर असेल तर स्क्रिप्ट त्या रात्री टेस्ट लावतच नाही, दुसऱ्या रात्री परत पाहते. कूलरची ओली हवा थेट मशीनवर येत होती, ते तोंड फिरवलं. मोठी कामं, म्हणजे डिस्क बदलणं, इन्व्हर्टरची बॅटरी, पूर्ण बॅकअप पडताळून पाहणं, हे सगळं आषाढी ते कार्तिकीच्या मधे ठेवलं कारण तेव्हा लग्नं नसतात आणि रेड दोन दिवस हळू चाललं तरी कोणाचं अडत नाही. बॅकअपही आता सगळ्याचा आहे, आधी फक्त चालू सीझनचा होता, त्याच्या दोन डिस्क काकांच्या घरी कपाटात राहतात.

आणि जी गोष्ट सगळ्यात आधी असायला पाहिजे होती ती सगळ्यात शेवटी केली. दर रविवारी सकाळी काकांच्या आणि माझ्या मोबाइलवर टेलिग्रामवर चार ओळी येतात, प्रत्येक डिस्कची एक. त्यात टेस्ट लागली का हे नाही, शेवटची पूर्ण टेस्ट संपून डिस्कचे किती तास झाले हे असते. डिस्क लॉगमधे तारीख नाही लिहीत, आपण किती तास चाललो ते लिहिते, म्हणून आजच्या तासांतून वजा करायचं. मशीन आता चोवीस तास चालू असते, महिन्याचे ७२० तास होतात, आकडा ९०० च्या वर गेला की ती ओळ वेगळी येते. मेसेजच आला नाही तर काकांनी मला फोन करायचा असं ठरलं आहे आणि ते करतात, दोनदा केला, एकदा राउटर बंद होता आणि एकदा रिचार्ज संपला होता.

श्रावणात एक नंबरच्या डिस्कच्या ओळीत नवीन शब्द आला, "रीड फेल्युअर", तिसऱ्या पावात. मी त्याच संध्याकाळी गेलो, बॅकअप ताजा आहे हे पाहिलं, वाट न पाहता चेक लावली. दुसऱ्या रात्री चेक त्या जागेवरून गेली, लॉगमधे रीड एरर दुरुस्त झाल्याची ओळ आली, पेंडिंग ८ होतं ते शून्य झालं, तोच पाव परत तपासला तर पास. तरी मी काकांना डिस्क बदलायला सांगितलं. गूगलच्या त्याच अभ्यासात आहे की पहिला स्कॅन एरर (तपासणीत सापडलेली खराब जागा) आल्यानंतरच्या ६० दिवसांत ड्राइव्ह जायची शक्यता बिनएररच्या ड्राइव्हपेक्षा ३९ पट होते. काका म्हणाले, "दुरुस्त झाली म्हणतं तं बदलाची कायले?" मी त्यांना तो बिदाईचा क्लिप परत लावून दाखवला. त्यांनी गल्ल्यातून पैसे काढले.

नवीन डिस्क घातली, चारही डिस्क चालू ठेवूनच जुनीची जागा नवीनला दिली, एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या प्रोग्राममधे तशी रिप्लेसची सोय आहे, त्यात जुनी निघेपर्यंत रेड एका डिस्कनं कमी होत नाही. अकरा तास लागले. सकाळी काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला लाल पेनानं गोल केला आणि आत लिहिलं, डिस्क १ नवी. मग पेन माझ्या हातात दिला आणि म्हणाले कार्तिकीपर्यंतच्या सगळ्या चेकच्या रात्री आत्ताच लिहून ठेव.